पाठीवर घर, चाकात हवा वीस

आमच्या चोपडा तालुक्यात पिकअपच्या पाठीवर केळीचे घड, कापसाची गाठोडी, लग्नाचे वऱ्हाड, बैलजोडी किंवा गणपती यांपैकी काहीही लादले तरी कोणी मान वर करून पाहत नाही. त्याच पिकअपवर खिडकी, पडदा आणि स्वयंपाकाचा ओटा असलेली एक खोली बसवली, की मात्र माणसे हातातले काम सोडून रस्त्यावर येतात. "नाना, घर लिसन कथा चालनात?" हा प्रश्न मला शेताच्या बांधावरून, दूध डेअरीवरून आणि एकदा चालत्या एस.टी.च्या खिडकीतूनही विचारण्यात आला आहे. "फिरायला" हे माझे खरे उत्तर आजवर कोणालाही पटलेले नाही. भावाभावांत वाटणी झाली असावी आणि माझ्या वाट्याला एवढीच खोली आली असावी, असा गावाचा सर्वसाधारण अंदाज आहे.

गावाचे बोलणे मी मनावर घेत नाही. खरा जाच निराळा आहे. घर पाठीवर घेऊन डांबरी रस्ता सोडायचा असेल, तर सुरक्षित राहण्याचे जेवढे म्हणून उपाय आहेत, ते सगळे पाहणाऱ्याला भित्रेपणाचे वाटतात. गाडीतून उतरून वाट आधी पायी पाहणे, चाकातली हवा काढणे, सामान उतरवणे, आणि जमत नसेल तर मुकाट्याने परत फिरणे, यांपैकी एकाही कृतीत मर्दुमकी दिसत नाही. आणि प्रत्येक प्रवासात माझ्या शेजारच्या सीटवर बसणारे माझे शालक हे मर्दुमकीचे जुने शौकीन आहेत.

खोली बसवण्याच्या वेळेसच त्यांनी, मागचा फाळका कापून ती चेसिसला कायमची वेल्डिंग करावी, अशी सूचना मांडली होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाहून वेगळा बदल परस्पर करता येत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले, तेव्हा "दाजी, कायदा डांबरी रस्त्यावर असतो," असे ते म्हणाले. शेवटी खोली चार कोपऱ्यांना साखळी आणि ती पिळून आवळायचे टर्नबकल लावून, हवी तेव्हा उतरवता येईल अशी बांधली. खडबडीत वाटेवर पहिले काही किलोमीटर गेल्यावर थांबून हे टर्नबकल पुन्हा आवळावे लागतात, कारण तोवर खोली आपली जागा धरते आणि साखळ्या सैल पडतात. मी पान्हा घेऊन खाली उतरलो, की शालक मागून येणाऱ्या वाहनांना हात करून सांगतात, की आमची गाडी बंद पडलेली नाही.

गाडी बांधून झाल्यावर मी ती जिनिंगजवळच्या वजनकाट्यावर नेली. काट्यावरच्या माणसाने पावतीपुस्तक पुढे ओढून, "माल काय?" असे विचारले.

"घर."

"कोणाचं?"

"माझंच."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पावतीवर 'घरसामान' असे लिहिले. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्या आणि नंतर पूर्ण गाडी, अशी मी विनंती केली, तेव्हा मागे कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग लागली होती आणि रांगेतल्या लोकांनी आपली मते मोकळेपणाने मांडली. पण हे दोन आकडे निराळे कळल्याशिवाय भागत नाही. एकूण वजन आरसीवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरच्या, मर्यादेत असले तरी ते सगळे मागच्या धुरीवर, म्हणजे मागची चाके जोडणाऱ्या दांड्यावर, पडले, तर पुढची चाके हलकी होतात आणि चढावर स्टिअरिंग फिरवले तरी गाडी सरळच जाते. त्यातून पाण्याच्या ८० लिटरच्या टाकीचे ८० किलो, आणि घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो म्हटला तरी त्याच्या लोखंडाचे साधारण तेवढेच वजन वर. सौ.ने पावती मांडीवर ठेवली, पेन्सिल घेतली, आणि दहाच मिनिटांत मोठ्या सिलिंडरच्या जागी ५ किलोचा आला, शेंगदाण्याचे पोते उतरले आणि शालकांचा स्पीकर घरी राहिला. मांडे करायचे खापर मात्र राहिले. खापर खाली, मागच्या धुरीच्या पुढे, गादीत गुंडाळून ठेवले होते, आणि जड वस्तू ठेवायची बरोबर जागा तीच असल्यामुळे मला आक्षेप घेता आला नाही.

जड सामान खाली ठेवण्याचे कारण तोरणमाळच्या वाटेवर कळते. खोलीमुळे गाडीचा सगळा तोल वर गेलेला असतो. एरवी ज्या आडव्या उतारावरून पिकअप निर्धास्त जाते, तिथे ही गाडी वरून कलू लागते, आणि आतल्या कपाटांतील डबे शांतपणे एका बाजूला सरकण्याचा आवाज येतो. म्हणून चढ असो वा उतार, तो सरळ घ्यायचा, तिरका घ्यायचा नाही, आणि मार्ग तिरकाच असेल तर तो मार्ग आपला नाही असे समजायचे. सातपुड्यात शालकांना मी गाडीच्या पुढे चालवतो. दगड कुठल्या चाकाखाली घ्यायचा हे त्यांनी हाताने दाखवायचे, आणि वर बाभळीची फांदी किंवा विजेची तार असेल तर ओरडायचे. काचेवर मी गाडीची उंची लिहून चिकटवली आहे. असे गाडीपुढे चालणे त्यांना कमीपणाचे वाटते, कारण समोरून येणारा प्रत्येक जण "ढकलू का?" असे विचारतो.

काळ्या मातीबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. पावसानंतर तिच्यात शिरू नये. तिने टायरची नक्षी बुजली की चारही चाकांना जोर देणारे फोर बाय फोर असो वा नसो, चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरते. वाफसा होईपर्यंत थांबावे, हे खान्देशातल्या शेतकऱ्याला मी सांगण्याची गरज नाही आणि शालकांना सांगून उपयोग नाही.

वाळूचा सराव मात्र तापीतच करावा असे मी ठरवले. नदीकाठच्या कोरड्या वाळूच्या पट्ट्यावर सकाळी गाडी उभी केली, फोर बाय फोर वाळूत शिरण्याआधीच लावले, आणि मागच्या चाकांतली ५५ पाउंड हवा २५ वर आणण्यासाठी वाकलो. हवा काढली की टायर रुंदीपेक्षा लांबीला जास्त पसरतो, वजन मोठ्या जागेवर विभागले जाते आणि गाडी वाळूत न रुतता वरून चालते. हलक्या गाड्या १८ पर्यंतही उतरतात. पण १५ च्या खाली गेले आणि एकदम वळण घेतले, तर टायर रिममधून सुटण्याचा धोका असतो. फुसफुस आवाज चालू असतानाच महसूल खात्याची जीप काठावर येऊन थांबली.

तापीच्या पात्रात सकाळी सकाळी पिकअप, दोन फावडी, एक घमेले, बारदानाची चार पोती आणि अंगावर मळके कपडे घातलेली दोन माणसे, हे दृश्य पाहून कोणत्याही कर्तव्यदक्ष तलाठ्याने जो निष्कर्ष काढला असता, तोच त्यांनी काढला.

"वाळू कुठे आहे?"

"टायरखाली," मी म्हणालो.

पथकाने खोलीचे दार उघडले. आत सौ. चहा करत होती. त्यांनी गादीखाली पाहिले, ओट्याखालचे कपाट उघडले, खापरावर टिचकी मारून पाहिली, आणि अखेर चहा घेतला. फावडे कशासाठी, असा प्रश्न राहिलाच होता. चाक फिरून रुतले, की जास्त रेस न करता तत्काळ थांबावे, चाकापुढची वाळू फावड्याने उताराने काढावी, खाली फळी किंवा पोते सरकवावे आणि मग हळू निघावे, नाहीतर गाडी धुरीपर्यंत पोटावर बसते, असे मी सांगत असताना पथकाबरोबरचा ट्रॅक्टर ड्रायव्हर मध्येच म्हणाला, "आणखी पाच पाउंड काढा." मी २० केली. गाडी वाळूवरून घरंगळल्यासारखी निघाली. एकदम ब्रेक मारू नका, ब्रेकने चाकापुढे वाळूचा ढीग होतो, ती आपोआप थांबू द्या आणि थांबवायची तर उताराकडे तोंड करून, हेही त्यानेच सांगितले. इतके बारकावे त्याला कसे ठाऊक, असे मी विचारले नाही. तलाठी आप्पांनीही विचारले नाही.

एवढ्या तयारीनंतर समुद्र गाठणे भागच होते. नाशिक आणि जव्हारवरून डहाणूच्या बाजूला उतरलो, तर किनाऱ्याच्या तोंडाशीच वाहनांना मनाई असल्याचा फलक होता. मला मनापासून हायसे वाटले. शालकांनी केरळातल्या कण्णूरजवळच्या मुळप्पिलंगाडच्या किनाऱ्याचा दाखला दिला, जिथे सुमारे चार किलोमीटर वाळूवरून गाडी चालवायला मुभा आहे. पण तो किनारा इथे आणणे शक्य नव्हते. आम्ही मालकाची परवानगी काढून सुरूच्या बनात मुक्काम केला. भरतीच्या रेषेच्या वर असलेली तिथली कोरडी, मऊ वाळू ओल्या वाळूपेक्षा कितीतरी अवघड असते, म्हणून हवा पुन्हा २० वर आणली. बघ्यांपैकी दोघांनी "पंक्चर आहे" असे कळवले.

तिथल्या एका मावशींनी सौ.ला भरतीचे गणित शिकवले. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, आणि रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. शालकांना एकादशी फक्त साबुदाण्यासाठी माहीत होती, तिची सव्वाआठ ही वेळही असते याचे त्यांना नवल वाटले.

हे गणित फलक ओलांडून खाली गेलेल्या एका चकचकीत मोठ्या गाडीच्या मालकाला ठाऊक नसावे. ओहोटीला कडक लागलेल्या वाळूवर त्याने गाडी उभी करून फोटो काढले, आणि पाणी परत येऊ लागल्यावर घाईने रेस दिली. "दाबा, दाबा!" असे चहूकडून ओरडणाऱ्या लोकांच्या उत्तेजनाने गाडी पाहता पाहता दारापर्यंत खाली गेली. शालक आमची गाडी नेऊन ओढायला निघाले होते; मी किल्ली खिशात घातली. वाळूत अडकलेल्या गाडीला सोडवायला गेलेली दुसरी जड गाडी तिच्या शेजारीच अडकते. फावडे, फळ्या आणि दोर मी दिला. गावातला ट्रॅक्टर आला, तेव्हा दोर ट्रेलर जोडायच्या टोइंगच्या गोळ्याला न अडकवता चेसिसच्या हुकाला लावा, दोराच्या मध्यावर गोधडी टाका म्हणजे तुटला तर कमी झेपावेल, आणि सगळे लांब सरका, एवढेच मी सांगितले. लांब सरकायला कोणी तयार नव्हते. शेवटी सौ.ने आवाज चढवला तेव्हा किनारा मोकळा झाला. गाडी निघाली, पण तोवर लाटा तिच्या चाकांना लागून गेल्या होत्या.

परतताना डांबरी रस्ता लागण्याआधी चारही चाकांत हवा पुन्हा भरली, कारण कमी हवेचा टायर वेगात तापून फाटतो. बॅटरीवर चालणारा तो छोटा पंप उन्हात एकेका टायरला बराच वेळ घेतो, आणि तो सगळा वेळ मीटर धरून बसण्याचे काम शालकांकडे होते. रस्त्याने जाणाऱ्यांच्या सहानुभूतीला त्यांनी उत्तर देणे सोडून दिले होते.

खाऱ्या हवेचाही भरवसा नको म्हणून वाटेत एका वॉशिंग सेंटरवर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायला लावली. पाण्याचा पाइप हातात घेऊन तिथल्या पोराने चाकांना लागलेली वाळू पाहिली आणि विचारले, "समुद्रात किती आत घातली होती?"

मी तोंड उघडण्याआधीच शालक म्हणाले, "बोनेटपर्यंत."

"मग तीनशे जास्त होतील. मिठाच्या पाण्याचं काम वेगळं असतं."

शालकांनी माझ्याकडे पाहिले, सौ.कडे पाहिले, आणि खिशातून तीनशे रुपये काढून दिले.