‘पीडीमोड ३५ करा, नाहीतर एक्स्प्लोड करा’: हा सल्ला सिव्हिल थ्रीडीत का चालत नाही

टोटल स्टेशनचे (जमिनीची मोजणी करणाऱ्या यंत्राचे) पॉइंट ड्रॉइंगमध्ये आणले आणि चिन्हं हवी तशी दिसली नाहीत, की नाशिकच्या ड्राफ्टिंग ऑफिसांत ठरलेला सल्ला मिळतो: पीडीमोड (पॉइंटचं चिन्ह कोणतं हे ठरवणारी सेटिंग) ३५ करा, पीडीसाइझ (चिन्हाचं माप) ० ठेवा, तरी बदललं नाही तर एक्स्प्लोड मारा (म्हणजे वस्तू फोडून सुटे भाग करा), आणि कोड (झाड, खांब अशी ओळख सांगणारी अक्षरं) चुकले असतील तर सगळं डिलीट करून पुन्हा इम्पोर्ट करा. साध्या ऑटोकॅडमधल्या पॉइंटसाठी यातला पहिला भाग बरोबर आहे. सिव्हिल थ्रीडी या सर्वेक्षण आणि रस्त्यांसारख्या कामांच्या सॉफ्टवेअरमधल्या कोगो पॉइंटला (क्रमांक, उंची आणि वर्णन सोबत ठेवणाऱ्या पॉइंटला) मात्र तो जवळपास लागूच होत नाही.

‘पीडीमोड ३५ ने चिन्ह बदलतं.’ ३५ म्हणजे ३२ चं वर्तुळ अधिक ३ ची फुली. कोगो पॉइंटवर याचा परिणाम एकाच स्थितीत दिसतो: पॉइंट स्टाइलच्या (पॉइंट कसा दिसावा हे ठरवणाऱ्या सेटिंगच्या) मार्कर टॅबमध्ये ‘यूज ऑटोकॅड पॉइंट फॉर मार्कर’ निवडलेलं असेल तर. कस्टम मार्कर किंवा ब्लॉक निवडला असेल, तर आकडा कितीही बदला, पडद्यावर काही हलत नाही. शिवाय ही सेटिंग अख्ख्या ड्रॉइंगची असते. झाड, मॅनहोल आणि विजेचा खांब तिघंही एकाच फुलीत जातात.

‘पीडीसाइझ ० सुरक्षित.’ ० म्हणजे पडद्याच्या उंचीच्या ५ टक्के. समोर ६०० मीटर उंचीचा भाग दिसत असेल, तर फुली ३० मीटरची. झूम करून रीजेन (ड्रॉइंग पुन्हा आखण्याची आज्ञा) दिलं की माप पुन्हा वेगळं. कागदावर ठरावीक माप हवं तर स्टाइलमध्ये ‘यूज ड्रॉइंग स्केल’ निवडा आणि २.५ मिमी द्या. १:५०० ला ते जमिनीवर १.२५ मीटर येतं, १:१००० ला २.५ मीटर. ब्लॉक वापरत असाल तर तो १ बाय १ युनिटमध्ये काढा, बेस पॉइंट मध्यावर ठेवा. ५ युनिट रुंद काढलेलं झाड इथे पाचपट मोठं होऊन बसतं.

‘स्टाइल बदलूनही दिसत नाही, म्हणून एक्स्प्लोड.’ खरी गाठ इथेच आहे. डिस्क्रिप्शन कीने (कोड ओळखून स्टाइल लावणाऱ्या नियमाने) पॉइंटला स्वतःची स्टाइल दिली असेल, तर पॉइंट ग्रुपच्या (एकत्र केलेल्या पॉइंटच्या गटाच्या) इन्फॉर्मेशन टॅबवर निवडलेली स्टाइल त्याला लागत नाही. ग्रुपच्या प्रॉपर्टीजमध्ये ओव्हरराइड्स टॅबवर जाऊन ‘स्टाइल’समोर टिक करावी लागते. लेबलसाठी वेगळी टिक. एकच पॉइंट अनेक ग्रुपमध्ये असेल तर यादीत वर असलेल्या ग्रुपचं चालतं, म्हणून झाडांचा ग्रुप ‘ऑल पॉइंट्स’च्या वर न्या.

एक्स्प्लोड केल्यावर पॉइंट हा पॉइंट राहत नाही, ब्लॉक, रेषा, मजकूर असं नुसतं चित्र उरतं. पॉइंट क्रमांक आणि मूळ वर्णन (फील्डमध्ये टाकलेला कोड) यांचा दुवा तुटतो. तो ग्रुप सरफेसला (जमिनीच्या मॉडेलला) जोडलेला असेल, तर पुढच्या रीबिल्डला (मॉडेल पुन्हा बांधताना) ते बिंदू कंटूरमधून (समान उंचीच्या रेषांमधून) निघून जातात. नाशिकच्या तपोवनासारख्या झाडांच्या जागी कुठलं झाड नेमकं कुठे आहे हे फील्डबुकाशी (मोजणीच्या नोंदवहीशी) ताडून पाहता आलंच पाहिजे. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांची ड्रॉइंग तर अनेक हातांतून जातात. तिथे एक्स्प्लोड केलेली फाइल पुढे देणं चुकीचं आहे.

‘कोड दुरुस्त करून पुन्हा इम्पोर्ट करा.’ गरज नाही. एडिट पॉइंट्समध्ये मूळ वर्णन सुधारा, मग पॉइंट ग्रुपवर राइट-क्लिक करून ‘अप्लाय डिस्क्रिप्शन कीज’ द्या. जुने पॉइंट तसेच ठेवून फाइल पुन्हा आणली, तर क्रमांकांची टक्कर होते आणि ‘पुढचा मोकळा क्रमांक’ निवडला की फील्डबुकाशी मेळ संपतो.

कोड न जुळण्याची कारणं बहुधा साधीच असतात. कीला लहान-मोठी लिपी वेगळी वाटते, म्हणून कॅपिटलमधल्या कीला स्मॉलमधला कोड सापडत नाही. क्रमांक जोडलेले कोड पकडायला कीच्या शेवटी तारा (*) हवा. खोडाचं माप पॅरामीटर (कोडसोबत दिलेला आकडा) म्हणून वापरायचं असेल तर कोडनंतर स्पेस सोडा. आणि वर्णनात स्वल्पविराम नको, कारण त्याच चिन्हाने फाइलचे रकाने तुटतात.

सगळे पॉइंट भलतीकडे पडले असतील तर चिन्हांकडे नंतर बघा. नाशिक यूटीएम (जगाचे पट्टे पाडून मीटरमध्ये स्थान सांगणारी पद्धत) ४३ उत्तरमध्ये येतं: नॉर्दिंग (उत्तरेकडचा आकडा) २२ लाखांच्या आसपास, ईस्टिंग (पूर्वेकडचा) पावणेचार लाखांच्या. फाइलमध्ये आधी ईस्टिंग असताना नॉर्दिंग-आधीचा फॉरमॅट निवडला, की दोन्ही उलटतात.