पोपोव म्हणजे बाँड नव्हे

समाजमाध्यमांवर एक मजकूर सतत फिरत असतो. जेम्स बाँड काल्पनिक नाहीच, तो म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला युगोस्लावियाचा हेर दुश्को पोपोव. १९४१ मध्ये लिस्बनजवळच्या एस्टोरिलच्या कॅसिनोत बाँडचा लेखक इयान फ्लेमिंगने त्याला पाहिलं आणि त्याचंच आयुष्य कादंबऱ्यांत उतरवलं. ००७ हा बाँडचा क्रमांक म्हणजे राणी पहिल्या एलिझाबेथच्या हेराची सही. आणि ब्रिटिश हेरांना जीव घेण्याचा परवाना खरोखरच मिळतो. यात थोडं खरं आहे, म्हणूनच उरलेलं सगळं सहज गळी उतरतं.

आधी कॅसिनो. फ्लेमिंग नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होता, प्रमुख जॉन गॉडफ्री यांचा सहायक. मे १९४१ मध्ये दोघं एस्टोरिलला गेले आणि फ्लेमिंग तिथे खेळला, इथवर ठीक. पण त्या रात्रीची त्याची स्वतःची हकिकत निराळी आहे. समोर बसलेले लोक जर्मन हेर आहेत अशी कल्पना करून तो खेळला आणि हरला. गॉडफ्रींच्या सांगण्याप्रमाणे ते साधे पोर्तुगीज व्यापारी होते. फ्लेमिंग आपल्याला पाहत होता हे पोपोवने सांगितलं ते १९७४ च्या आत्मचरित्रात, आणि फ्लेमिंग १९६४ मध्येच वारला होता. पोपोव खोटं बोलला असं मी म्हणत नाही. फ्लेमिंगच्या कानावर त्याचं नाव गेलंही असेल. पण एका माणसाने स्वतःबद्दल केलेला दावा म्हणजे सिद्ध झालेला इतिहास नव्हे. युद्धात भेटलेल्या अनेक हेरांचं आणि कमांडोंचं मिश्रण म्हणजे बाँड, असं फ्लेमिंगने सांगून ठेवलं आहे. नाव तर त्याने एका अमेरिकी पक्षीतज्ज्ञाचं घेतलं, ज्याचं वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवरचं पुस्तक त्याच्या जमैकातल्या घरी होतं.

००७ चं लवकर आटोपतं. ही सही ज्याची म्हणून सांगतात, त्या जॉन डी या विद्वानाची जी पत्रं आज उपलब्ध आहेत, त्यांत अशी सही नाही. ही कथा पसरली ती १९६८ च्या एका चरित्रानंतर.

परवान्याचं प्रकरण जास्त घातक, कारण ते आजच्या सरकारी संस्थेबद्दल आहे. दोन शून्यांचा क्रमांक दोन माणसं मारल्यावर मिळतो, हा १९५३ च्या 'कॅसिनो रॉयल'मधला नियम. प्रत्यक्षात एमआय६ ला, म्हणजे ब्रिटनच्या परदेशी हेरगिरीच्या संस्थेला, कायद्याचा आधार मिळाला तोच १९९४ मध्ये. त्या कायद्याच्या सातव्या कलमानुसार मंत्र्याने लेखी मंजुरी दिली, तर परदेशात केलेल्या कृत्याबद्दल ब्रिटनमध्ये खटला होत नाही. या कलमाला बाँडचं नाव चिकटलं खरं, पण त्यात ठार मारण्याचा उल्लेख नाही आणि मंजुरी कुणा हेराच्या खिशात कायमची नसते. राजकन्या डायनाच्या मृत्यूच्या चौकशीत २००८ मध्ये या संस्थेचे माजी प्रमुख रिचर्ड डिअरलव्ह यांनी आपल्या कारकिर्दीत अशी एकही हत्या मंजूर झाली नसल्याची साक्ष दिली.

आता 'त्याचंच आयुष्य' या शब्दांकडे येऊ. मला खरा राग याचा येतो. पोपोव मुख्यतः एमआय५ या ब्रिटनच्या अंतर्गत सुरक्षा संस्थेसाठी काम करत होता, सांकेतिक नाव 'ट्रायसिकल'. जर्मन त्याला आपला हेर समजत आणि तो त्यांना इंग्रजांनी बेतलेली खोटी माहिती पुरवत असे. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याने लिस्बनला नेलं ते बंदूक किंवा स्फोटकं नव्हे, तर कागद: दोस्त राष्ट्रांच्या सैन्यरचनेचं चित्र, ज्यातल्या कित्येक तुकड्या अस्तित्वातच नव्हत्या. फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरच्या दोस्त राष्ट्रांच्या स्वारीआधी जर्मनांची दिशाभूल करणाऱ्या मोठ्या योजनेचा तो भाग होता. गोळीबार नाही, पाठलाग नाही. महिनोन्‌महिने एकच खोटं न चुकता सांगत राहायचं.

आणि हे खोटं ज्याच्या मौनावर टिकलं तो योहान यब्सेन या मजकुरात कुठेच नसतो. पोपोवचा विद्यार्थिदशेतला मित्र, त्याला जर्मन गुप्तचर यंत्रणेत ओढणारा, पुढे स्वतःही इंग्रजांना मिळालेला. पोपोव कुणाचा माणूस आहे हे त्याला माहीत होतं. एप्रिल १९४४ च्या अखेरीस जर्मनांनी त्याला लिस्बनहून पळवून नेलं. तो बोलला असता तर पोपोवचा प्रत्येक अहवाल उलटा वाचला गेला असता. तो बोलला नाही. साक्सेनहाउझेनच्या छळछावणीनंतर त्याचा पत्ता लागला नाही. पोपोवचा फोटो पुढे पाठवणाऱ्यांनी त्याखाली बाँडऐवजी यब्सेनचं नाव लिहावं, एवढी माझी विनंती आहे.