‘घरच्या घरी सर्व्हिसिंग’वाल्या फॉरवर्डचं ऐकून पाना उचलण्याआधी

आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग भावाच्या सातपूरच्या कंपनीतून आणि शेवटी थेट पिंपळगावहून सासऱ्यांकडून, असा तीन वाटांनी एकच मेसेज माझ्यापर्यंत आला: ‘गॅरेजवाल्यांची लूट थांबवा, शंभर रुपयांत घरीच सर्व्हिसिंग करा!’ खाली उपायांची यादी आणि ‘प्रत्येक गाडीवाल्यापर्यंत पोचवा’ ही विनंती.

घरी काम करायला माझा विरोध नाही. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या पार्किंगमध्ये मी पंधरा वर्षं माझी बाईक आणि पोरांच्या सायकली खोलत आलोय. एअर फिल्टर, प्लग, चेन यासाठी दरवेळी गॅरेज गाठायला नको, हे त्या मेसेजचं म्हणणं शंभर टक्के मान्य. भांडण आहे ते उपायांशी.

पहिला उपाय असा: ‘गाडी मेन स्टँडला लावून स्टार्ट करा, पहिला गिअर टाका, फिरत्या चेनला कापड धरून डब्ल्यूडी-४० मारा. सहा महिने बघायला नको.’

यातली पहिली चूक बोटांवर बेतणारी आहे. कापडाचं टोक स्प्रोकेटच्या दात्यात गेलं की कापडाबरोबर बोटंही आत ओढली जातात, हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. गाडी बंद, किल्ली खिशात, न्यूट्रल, आणि चाक हाताने फिरवायचं. यात तडजोड नाही.

दुसरी चूक फवाऱ्याची. डब्ल्यूडी म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, पाणी हटवणं; आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. १९५३ साली अमेरिकेत क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते केलं गेलं. गंजलेला नट सैल करायला, भिजलेला प्लग कॅप कोरडा करायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण ते पातळ आहे, चेनवर टिकत नाही. त्र्यंबक रोडच्या पावसात एक फेरी मारा, दुसऱ्या दिवशी चेन कुरकुरायला लागते. रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर चेन क्लीनर घेऊन ब्रशने धुवायची, कोरडी पुसायची आणि ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने सोडायचं. रात्री लावलं तर सकाळी वरचं जादा ऑइल पुसून टाकायचं, नाहीतर धूळ चिकटते. पेट्रोलने मात्र धुऊ नका. चेनच्या कड्यांमध्ये ओ-रिंग, म्हणजे रबरी चकत्या, असतील तर ते रबर खराब होतं.

दुसरा उपाय: ‘उन्हाळ्यात हवा पाच पॉइंट कमी ठेवा, नाहीतर टायर फुटतो.’ हा तर पेट्रोल पंपावरही ऐकायला मिळतो. माझ्या गाडीला मागे एकट्यासाठी २८ पॉइंट सांगितलेत. गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतो; त्यात बाहेरच्या हवेचे साधारण १४ मिळवले की टायरमधला खरा दाब ४२. टायर सकाळच्यापेक्षा ३० अंशांनी तापला तर हा दाब दहाएक टक्के वाढतो, म्हणजे ४२ चे ४६ आणि गेजवर २८ चे ३२ होतात. एवढं कंपनीने धरलेलंच असतं, म्हणून तर हवा टायर थंड असताना तपासा असं सांगतात. उलट हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते-सुटते आणि त्या वाकण्यानेच टायर तापतो. फुटायची भीती तिथे आहे. तेव्हा दुपारी द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून घरी आलात आणि गेजने ३२ दाखवले, तर हवा सोडू नका. सकाळी बघा.

तिसरा उपाय: ‘नट-बोल्ट जितके घट्ट तितकी गाडी टिकाऊ. पाना पुरत नसेल तर त्यावर पाइप चढवा.’

हा मी स्वतः करून बसलोय. एका रविवारी ऑइल बदललं, ड्रेन नटाशी थेंब दिसला. अजून अर्धा फेरा आवळला, तरी थेंब. अजून थोडा. आणि पाना एकदम हलका झाला. पोटात गोळाच आला. नट काढला तर त्याच्याबरोबर चेंबरचे आटे चांदीच्या स्प्रिंगसारखे गुंडाळून बाहेर आले. दोष नटाचा नव्हताच, खालचा वॉशर जुना होता. नट पोलादाचा, चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे हरायचं कोणी ते ठरलेलं. अंबडच्या एका लेथवाल्याने हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग, बसवून दिली, पण गाडी तिथवर टेम्पोत न्यावी लागली.

आता हिशोब बघा. १० नंबरच्या पान्याने फिरणाऱ्या ६ एमएमच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पीळ, पुरतो. पाना १५ सेंटिमीटरचा असेल तर टोकाला सात किलोच्या आसपास जोर, दोन भाजीच्या पिशव्या उचलण्याएवढा. पाइप चढवून लांबी दुप्पट केली की निम्म्या जोरात तेच काम होतं, आणि हाताला ते कळत नाही. मागच्या एक्सलच्या नटाला मात्र याच्या पाच-सहापट किंवा जास्त लागतं. शंभर रुपयांचं गणित थोडं बाजूला ठेवून टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला पीळ बसला की सांगणारा पाना, घ्या.

‘इंजिन ऑइल कुठलंही चालतं, कारचं उरलेलं टाका.’ गिअरच्या बहुतेक बाईकमध्ये तेच ऑइल इंजिनला, गिअरबॉक्सला आणि क्लचप्लेटला असतं. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती क्लचला मानवत नाहीत. मग कसारा घाटात रेस वाढते पण गाडी ओढत नाही. कॅनवर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलंय का ते पाहा. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिची गोष्ट वेगळी.

‘डिस्क चरचरते? दोन थेंब ऑइल.’ नका हो. ब्रेक आहे तो! तेल मुरलेले पॅड फेकावेच लागतात, तेही आधी काही झालं नाही तर.

‘सायकलचे सगळे नट उलटे फिरवले की सुटतात.’ डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, चालवताना सुटू नये म्हणून. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी नातवाच्या सायकलचं ते तासभर सोडवायच्या नावाखाली आवळत आणलं होतं. पाना उभा वर धरून मागच्या चाकाकडे ओढायचा, दोन्ही पायडलं सुटतात.

शेवटची ओळ तर कळस आहे: ‘काढलेलं ऑइल गटारात सोडा.’ आमच्याकडचं गटार नासर्डी नदीला मिळतं आणि नासर्डी गोदावरीला. मी ते जुन्या कॅनमध्ये साठवतो. कॅन भरला की कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या दादांकडे नेतो, ते त्यांच्या पिंपात ओततात आणि कॅन चिंधीने पुसून परत देतात. पैसे घेत नाहीत.