दहावीच्या आदिवासी पोरांचं भलं कसं करावं

आदिवासी पोरं दहावी पास व्हावीत अशी तुमची मनापासून इच्छा आहे ना? मग आधी दौरा काढा. तारीख मात्र जपून निवडा. जून-जुलैत येऊ नका. तेव्हा गाडी चिखलात रुतते आणि वर्गात शिक्षक नाहीत हे उगाच नजरेला पडतं. जानेवारी उत्तम. हवा छान असते, भात कापून झालेला असतो आणि दहावीची सराव परीक्षा चालू असल्यामुळे सगळी पोरं एका जागी सापडतात.

पालघरच्या डोंगरातल्या आमच्या आश्रमशाळेत परवा हेच झालं. बीजगणिताचा पेपर होता. सकाळी निरोप आला: साहेब येतायत, पेपर पुढे ढकला. लगेच पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली लुगडी ट्रंकेतून निघाली, दहावीच्या पोरी ती गुडघ्यापर्यंत नेसून फाटकाशी उभ्या राहिल्या. तारपा वाजवायला शेजारच्या पाड्यावरून एका आजोबांना आणलं. साहेब अकराला यायचे होते, ते अडीचला आले. रांगेतल्या एका मुलीनं पाठ करायला म्हणून तळहातावर पेनानं वर्गसमीकरणाचं सूत्र लिहून घेतलं होतं. पाकळ्यांचं ताट धरून धरून ते घामानं फिसकटलं. साहेबांनी अंगावर पाकळ्या घेतल्या, तारप्याच्या फेरात दोन पावलं टाकली, फोटोवाला "साहेब, अजून एकदा" म्हणाला म्हणून आणखी दोन टाकली, आणि मग 'शिक्षणाचं महत्त्व' या विषयावर भरपूर बोलले. पेपर रात्री जेवणं झाल्यावर घेतला. तिसऱ्या प्रश्नाला वीज गेली.

तर भाषण. "आम्ही चिमणीच्या उजेडात शिकलो" हे वाक्य हवंच. त्यामागोमाग "तुम्ही जंगलाचे राजे आहात". या राजांना आंघोळीला गरम पाणी नाही आणि राण्यांच्या संडासाला आतून कडी नाही, असल्या किरकोळ बाबींत शिरू नका.

काहीतरी वाटा. दहावीच्या पोरांना अंकलिपी वाटलीत तरी चालेल, मुखपृष्ठावर तुमचा फोटो असला म्हणजे झालं.

वह्या, साबण, तेल मात्र वाटू नका. त्याचे पैसे खात्यात जमा होतात. खातं बंद पडलेलं असतं, आधार जोडलेलं नसतं, बँक तालुक्याला असते आणि बाप वीटभट्टीवर असतो, पण जमा होतात. २०१८ साली वसतिगृहातली पोरं, जेवणाऐवजीही असेच खात्यात पैसे देण्याच्या भानगडीविरुद्ध, पुण्याहून नाशिकला चालत निघाली होती. त्यांचं काय एवढं मनावर घ्यायचं? चालायची सवयच असते त्यांना.

आता शिक्षक. हा विषय नीट समजून घ्या, कारण सगळं भलं इथंच दडलेलं आहे. गणित आणि विज्ञानाला कायमचा माणूस देऊ नका. दिवाळीपर्यंत जागा रिकामी ठेवा, मग तासिकेवर कुणीतरी पाठवा. तो मुलांची नावं पाठ करीपर्यंत त्याची ऑर्डर संपवा. पुढच्या जूनला पुन्हा नवा. दहा-दहा वर्षं रोजंदारीवर शिकवून जे चिवटपणे टिकून राहतात, ज्यांना वारली बोललेलं कळतं, कुठला पोरगा कुठल्या पाड्यावरून येतो ते ठाऊक असतं, त्यांना तर आधी घालवा. २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागानं हे काम फार पद्धतशीर केलं: आश्रमशाळांमधली १७९१ शिक्षकपदं बाह्यस्रोतातून, म्हणजे सफाई आणि पहाऱ्याची माणसं घेतात तशी ठेकेदाराकडून, भरायचं ठरवलं. रोजंदारीवाले नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर ऐन पावसात बिऱ्हाड मांडून बसले. इकडे वर्ग ओस. आणि मे महिन्यात निकाल लागला की हेच साहेब मुख्याध्यापकांना नोटीस काढणार, की निकाल कमी का? कमी का! ज्या पोरांना वर्षभर भूमिती शिकवायला माणूस नव्हता, त्यांतली निम्मी पास झाली तरी खरं तर त्यांची मिरवणूक काढायला हवी. नोटीस कसली काढता?

असो. सल्ला द्यायला बसलोय, चिडायला नाही.

दिवाळीनंतर आईबाप उचल घेऊन भिवंडी-पनवेलकडे वीटभट्टीवर जातात, थोरलं पोरगंही बरोबर जातं. बोर्डाची परीक्षा सुरू होते होळीच्या आधी आणि माणसं गावी येतात होळीला. अशा पोराला 'शिक्षणाची आवड नाही' असा शेरा द्या. तो सोपा पडतो.

चुकून कुणी दहावी पार केलीच, तर त्याला कागदांत अडकवा. जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागा. आजोबांचा शाळेचा दाखला आणायला सांगा. आजोबा कातकरी, जमीन नाही, सातबारा नाही, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही; तरी दाखला आणाच म्हणा. खोट्या दाखल्यावर आदिवासींच्या जागा लाटणाऱ्यांशी मात्र एवढं कठोर होऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये त्यांना नोकरीचं संरक्षण नाकारलं, पण सरकारचं मन मोठं. २०१९ मध्ये त्यांच्यासाठी अधिसंख्य पदं, म्हणजे मंजूर जागांपेक्षा जास्तीची पदं, काढली. कातकऱ्याच्या पोरासाठी अधिसंख्य काहीही काढायचं नसतं, हे लक्षात ठेवा.

पोरं पहिलीत घरची बोली घेऊन येतात, त्यांना ती विसरायला लावा. पंधरा ऑगस्टला तिच्यातलंच गाणं म्हणायला सांगा.

पुरे झालं. आता सरळ बोलतो.

अहो, तुम्हाला थोडी तरी लाज आहे का? ती पाकळ्यांचं ताट धरलेली मुलगी पस्तीस गुण मिळवून सुटली, तर तिच्या पाड्यावरची दहावी झालेली पहिली मुलगी असेल. पेपरच्या दिवशी तुम्ही तिला उन्हात नटवून उभी केलीत. नापास झाली तर जुलैत पुरवणी परीक्षा असते हे मलाही माहीत आहे. जुलैत ती गुडघाभर पाण्यात भाताची आवणी करत असेल, आणि तोवर घरात लग्नाचं बोलणं सुरू झालेलं असेल. तुम्हाला ते कळणारही नाही, कारण पावसात तुमची गाडी इकडे येत नाही.

आम्हाला भाषण नको, अंकलिपी नको. गणिताला आणि विज्ञानाला कायमचा माणूस द्या आणि तो जूनमध्ये द्या. मुलींच्या वसतिगृहात रात्री मुक्कामाला थांबणारी अधीक्षिका द्या. संडासाला कडी लावा. तिला किती पैसे पडतात ते दुकानात जाऊन विचारा. एवढं जमत नसेल, तर निदान परीक्षा चालू असताना फाटकाच्या आत पाऊल टाकू नका. आणि तारप्याच्या फेरातला तो फोटो आजच्या आज काढून टाका. त्यात ज्या पोरी दिसतायत, त्यांना कुणीही विचारलेलं नाही.