वेस्ट दांपत्य: फाशीची गोष्ट खोटी

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या फ्रेड आणि रोझमेरी वेस्टबद्दल एक मजकूर फिरतोय: 'फ्रेडला १२ खुनांबद्दल फाशी झाली, बायकोने फक्त पुरावे लपवले.' दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

फ्रेडवर १२ खुनांचे आरोप होते, पण खटला उभा राहण्याआधीच, १ जानेवारी १९९५ला, त्याने बर्मिंगहॅमच्या तुरुंगात आत्महत्या केली. न्यायालयाने त्याला दोषी ठरवलेलंच नाही. शिवाय ब्रिटनमध्ये खुनासाठी फाशी १९६५पासूनच बंद आहे.

रोझमेरीबद्दलचा दावा मला जास्त खटकतो, कारण तो तिचा गुन्हा पुसून टाकतो. नोव्हेंबर १९९५मध्ये विंचेस्टरच्या न्यायालयात ज्यूरीने तिला १० खुनांसाठी दोषी ठरवलं. त्यातला एक खून फ्रेडच्या आठ वर्षांच्या सावत्र मुलीचा. १९७१मध्ये ती मारली गेली तेव्हा फ्रेड तुरुंगात होता, असं सरकारी पक्षाने मांडलं. म्हणजे 'नवऱ्याच्या दबावाखाली' ही सबब तिथे टिकतच नाही. तिला जन्मठेप झाली आणि मरेपर्यंत सुटका नाही, हेही पुढे ठरलं.

२५ क्रॉमवेल स्ट्रीट हे त्यांचं घर १९९६मध्ये पाडलं. आज तिथे पायवाट आहे.