घाटवाटा उघडा, रंगवू नका

दिवाळी झाली की जुन्या घाटवाटा 'पुनरुज्जीवित' करण्याच्या मोहिमांचे फोटो यायला लागतात. एकाच रंगाचे टी-शर्ट, हातात कोरे कोयते, मागे बॅनर. त्यात वावगं काही नाही, मीही हेच करतो, बॅनर तेवढा नसतो. पण या कामात हल्ली जे चाललंय त्यातलं निम्मं मला पटत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

मुळात वाट मोडते ती येजा थांबली की. एके काळी बैलांच्या पाठीवरून मीठ, सुकी मासळी घाट चढायची आणि धान्य, गूळ खाली उतरायचा. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ साली रेल्वे आली, पुढे एकेका घाटात पक्के रस्ते झाले आणि माल तिकडे वळला. मागे उरले बाजाराला जाणारे, लेकीला माहेरी आणायला जाणारे आणि गुराखी. मग गावात एसटी पोचली आणि तेही कमी झाले. नाणेघाटाला सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे, त्याला कुणी विसरणार नाही. मढे घाटाला तानाजींची आख्यायिका आहे आणि पावसाळ्यात धबधबाही. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही अशा वाटा कारवीच्या झुडपांत गेल्या.

आम्ही ज्या वाटेवर काम करतो तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाटेचा जीपीएस ट्रॅक नेटवर टाकला की कशी गर्दी लोटते ते भिऱ्याच्या देवकुंड धबधब्यावर सगळ्यांनी पाहिलंय; पावसाळ्यात तिथे बंदी घालायची पाळी प्रशासनावर आली. 'लपवून ठेवली तर वाट वापरात कशी राहणार?' असं विचारणारे आहेत, आणि प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच की खालच्या गावात थांबा, तिथला वाटाड्या घ्या, त्याच्याबरोबर चढा. वाट वापरात राहील आणि चार पैसे गावात राहतील.

वाट शोधण्यात खरी फसवणूक ढोरवाटांची. त्या मळलेल्या दिसतात, छान आडव्या जातात आणि कड्याच्या टोकावर नेऊन सोडतात. आमच्याबरोबर धनगरवाड्यातले एक मामा असतात. त्यांची परीक्षा साधी आहे : "भरल्या बैलाला झेपंल एवढाच चढ. छाती फुटाय लागली की समजायचं, वाट सुटली." नाळेच्या (अरुंद घळीतून चढणाऱ्या) किंवा निसणीच्या (शिडी लावून चढायच्या) वाटेला हे लागू नाही, पण बैलांच्या घाटात बिनचूक लागू पडतं. नकाशावर तासभर डोकं खपवून आम्ही ठरवलेली दिशा मामांनी एका वाक्यात मोडीत काढली होती. "अवो पाव्हणं, हितनं न्हाई, त्या हिरड्याच्या बुडातनं वर घ्या." हिरड्याच्या मागे रचीव दगडांचा बांध निघाला.

त्याच बांधाच्या वरच्या वळणावर पाचोळा आणि वीतभर माती ओढली तर खाली कातळात खोदलेली पायरी. छिन्नीचे तिरके घाव अजून बोटाला लागतात, मधोमध झिजून खोलगट झालेली. आणि पायरीच्या डोंगराकडच्या अंगाला चार बोटं रुंद चर, पुढे दरीकडे काढून दिलेला, गाळाने गच्च भरलेला. तो मोकळा केला आणि कॅनमधलं पाणी वरून ओतलं. पायरी कोरडी राहिली, पाणी चरातून दरीत.

घाटमाथ्यावर कित्येक ठिकाणी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे पाण्याला आधी वाट द्यावी लागते, माणसाला नंतर. हे न बघता लोक दोन्ही बाजूंची झाडी बुडापासून साफ करतात, 'स्वच्छ' वाटेचा फोटो टाकतात आणि पहिल्याच पावसात तिचा ओढा होतो. माणूस भारा घेऊन जाईल एवढंच तोडा. कारवी छाटा, उपटू नका, तिची मुळं माती धरून ठेवतात. छाटलेली कारवी गावात द्या, कुडाला उपयोगी पडते. उपटायचीच हौस असेल तर रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरून येऊन माजलेली झुडपं आहेत, हवी तेवढी उपटा. आणि कृपा करून कचऱ्याचा ढीग पेटवू नका, वणवा लागायला एवढं पुरतं.

ऑइलपेंटचे बाण हा तर माझा रागाचा विषय. फाट्यावर दगडांची लगोर रचली तरी कळतं. सिमेंटच्या पायऱ्या आणि लोखंडी कठडे याहून वाईट, कारण ते बसवायला जुना दगड फोडला जातो. आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय कोयता चालवणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. आधी वनखात्याकडे अर्ज करा, वनरक्षकाला बरोबर घ्या. आम्हाला अर्जाचं उत्तर यायला एक अख्खा हंगाम लागला. वैताग आला, पण थांबलो.

राहिला प्रश्न मामांचा. अशा माणसांना शाल-श्रीफळ देऊन फोटो काढायची पद्धत पडली आहे. मामांकडे शाली आहेत. त्यांचा दिवस मोडतो, गुरं दुसऱ्याच्या भरवशावर सोडावी लागतात, तेव्हा त्यांना रोख मजुरी द्यायची, आणि ती जाणकाराची.

पुढचं काम डिसेंबरात. येणाऱ्यांनी फावडं किंवा टिकाव आणावा, कोयते पुरेसे आहेत. मामांच्या मजुरीची वर्गणी निघण्याआधीच गोळा होईल.