उकंडा नावाचा माणूस

परवा पारावर नेहमीचा विषय निघाला. जमाना बिघडला, पोट्टे ऐकत नाहीत, आमच्या वेळी असं नव्हतं. मीही मान डोलावली. कापसाचा भाव ऐकून आलेल्या माणसाची मान आपोआप डोलते.

दुसऱ्या दिवशी मतदार यादी घेऊन घरोघरी निघालो (मास्तरच्या नशिबी बीएलओगिरी असतेच). यादी चाळताना एका गोष्टीवर अडकलो. आमच्या गावात उकंडा नावाचे तिघं, दगडू दोन, एक दगडाबाई. सगळे साठीच्या पुढचे. पन्नाशीच्या आत एकही नाही. शाळेच्या हजेरीत तर सगळे आरव, स्वरा, रेयांश.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, उकंडा म्हणजे उकिरडा. जिची लेकरं एकामागून एक जायची, तिचं पुढचं लेकरू जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवायचे. मग दुसऱ्या कोणी बाईनं ते उचलून आणायचं आणि नाव ठेवायचं उकंडा. मरणाला वाटलं पाहिजे, हा तर केरकचरा, याला काय न्यायचं! माझ्या आजीला लेकरं किती विचारलं की ती बोटाच्या पेरांवर मोजायची आणि म्हणायची, "झाले आठ, राह्यले तीन." ना आवाज कापायचा, ना डोळ्यात पाणी. कारण शेजारणीचंही तसंच होतं.

१९७१ मध्ये देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० मध्ये २८. हे काही देवाला दया येऊन झालं नाही. देवीचा रोग १९७५ मध्ये गेला तो सुई घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माणसांमुळे. आपल्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं: बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसे मोजायचे, वेळ पडली तर इंजेक्शन कसं टोचायचं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू इतर गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले होते. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हे काम आहे.

मेळघाटात लेकरं अजून दगावतात, हे मला माहीत आहे. कर्जापायी फास घेणाऱ्यांच्या घरीही मी बसून आलोय. त्यामुळे सगळं छान चाललंय असं मला कोणी सांगितलं तर रागच येतो. पण सगळं बिघडतच चाललंय म्हणणाऱ्याला आता मी यादी दाखवणार आहे.

गंमत म्हणजे पारावर "आमच्या वेळी" म्हणून सगळ्यात मोठ्यानं बोलणारे आबाजी त्याच तीन उकंडांपैकी एक. "माह्या अगोदर चार गेले," त्यांनी तंबाखू मळत सांगितलं.

त्यांच्या घरी पोचलो तेव्हा आशाताई आलेली होती. नात बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिच्या तान्ह्या पोरीला झोळीत घालून काट्याला अडकवलं. दोन किलो नऊशे. आबाजी जवळ सरकले, काट्याकडं पाहत हळूच म्हणाले, "राह्यते न वं हे?"

आशाताई वहीत आकडा लिहीत होती. वर न बघताच म्हणाली, "दीड महिना राह्यते न आबाजी. मंग जाते आपल्या बापाच्या घरी."